धर्माजी सुतार आणि एकशे बारा फळ्या

आडखोलचा लाकडी धक्का १९४८ च्या दसऱ्याला उभा राहिला. त्याआधी मुंबईहून येणारी लाँच खाडीच्या तोंडाशी थांबायची आणि माणसं होडीतून गावाकडे यायची. होडी रुतली की उरलेली वाट पायी. सामान डोक्यावर, चपला हातात, चिखल गुडघ्यापर्यंत. लग्न होऊन येणाऱ्या मुलीही अशाच यायच्या. आमच्या गावात सून आली की आधी तिचे पाय धुवायला दोन घागरी पाणी लागायचं, माप ओलांडणं वगैरे त्यानंतर.

धक्का बांधला धर्माजी सुताराने. तेव्हा त्याचं वय पंचेचाळीसच्या आसपास असेल. उंच, हडकुळा, आणि बोलण्याच्या बाबतीत अतिशय काटकसरी. बायको जनी म्हणायची, "ह्यांच्याशी भांडायचं तर दोन्ही बाजूंनी मलाच बोलावं लागतं." हातात काम मात्र असं होतं की त्याने बसवलेलं दार तीस वर्षांनीही कुरकुरत नसे. दारसुद्धा त्याच्यासारखंच, असं लोक म्हणत.

धक्क्यासाठी समिती नेमली होती. अध्यक्ष शिवदास शेट, कारण ते लाँचचे एजंट होते आणि समिती बसायची ती त्यांच्याच दुकानाच्या ओसरीवर. लाकूड ऐनाचं, पालीकडच्या रानातून आलेलं. श्रावणात तोडलेलं आणि भाद्रपदात करवतीखाली गेलेलं. फळीवर तळहात ठेवला की हात ओला व्हायचा.

"शेट," धर्माजी म्हणाला, "हे लाकूड सहा महिनं सावलीत ऱ्हायला पायजे."

"अरे भाई, तुझ्या लाकडासाठी लाँचवाला सहा महिने थांबेल काय? त्याने दसऱ्याचा मुहूर्त दिलाय."

धर्माजीने तोंड उघडलं आणि मिटलं. मग जाऊन काम सुरू केलं. बारा दिवसांत एकशे बारा फळ्या बसवायच्या होत्या. एरवी तो प्रत्येक फळीचं टोक डोळ्यांजवळ नेऊन बघायचा आणि मगच कुठली बाजू वर ठेवायची ते ठरवायचा. या वेळी जी बाजू हाताला आली ती वर ठेवली आणि खिळे मारले. दसऱ्याला धक्का ताटासारखा सपाट होता. शिवदास शेटनी त्यावरून तीनदा चालून दाखवलं. लोकांनी धर्माजीला नारळ दिला. तो त्याने घरी नेला, पण त्याच दिवशी फोडला नाही, असं जनी सांगायची.

लाकूड वाळायला लागलं ते पौषात. माघात फळ्यांमध्ये बोटभर फटी पडल्या, आणि फाल्गुनात निम्म्या फळ्यांच्या कडा वर आल्या. मधोमध खोलगट, दोन्हीकडे काठ. कौलाच्या पन्हळी ओळीने मांडून ठेवाव्यात तसा धक्का दिसू लागला. समितीला ते सांगितलं गेलं. समितीने नोंद घेतली.

त्या महिन्यातच सोनाबाई पडली.

सोनाबाई कोळीवाड्यातली. तिचा नवरा चार वर्षांपूर्वी समुद्रात गेला होता आणि घरात ती व तिचा दीर सदा अशी दोघंच होती. सदा मासे आणायचा, सोनाबाई ते सुकवायची आणि आठवड्यातून दोनदा लाँचने मुंबईला नेऊन विकायची. बोंबलाची पाटी डोक्यावर घेऊन ती इतक्या वेगाने चालायची की लाँचचा खलाशी तिला बघून दोरी सोडायचा थांबत असे. त्या दिवशी लाँचचा भोंगा वाजला, ती धावत आली, आणि सदतिसाव्या फळीच्या कडेत तिच्या उजव्या पायाचा अंगठा अडकला. पाटी पुढे गेली, ती आडवी पडली, आणि खुब्याचं हाड मोडलं. बोंबील लोकांनी गोळा करून दिले. हाड गोळा करून देण्यासारखं नव्हतं.

तीन महिने ती अंथरुणावर होती. उठली तेव्हा उजवा पाय डाव्यापेक्षा दोन बोटं आखूड झाला होता. डोक्यावर पाटी घेऊन चालणं संपलं, आणि मुंबईही संपली.

गावात यावर चर्चा झाली. काहींचं म्हणणं पडलं की बाईने खाली बघून चालायला हवं होतं. काहींनी सांगितलं की धक्का बांधताना खाडीला मान दिला नव्हता. मग एक नारळ फोडला. फळ्या त्यानेही सरळ झाल्या नाहीत.

धर्माजी त्या तीन महिन्यांत कोळीवाड्याकडे फिरकला नाही. जेवायचा, रंधा मारायचा, झोपायचा. एक दिवस जनीने त्याच्यासमोर ताट ठेवलं नाही.

"आधी तिकडं जाऊन या," ती म्हणाली. "भात कुठं पळून जात न्हाय."

तो गेला. सोनाबाई ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. शेजारी काठी. धर्माजी पायरीवर बसला आणि अंगणातल्या मासे सुकवायच्या मांडवाकडे बघत राहिला. मांडव रिकामा होता.

"रेषा उलट्या व्हत्या," तो म्हणाला.

"कसल्या रेषा?"

मग धर्माजी बोलला. इतकं तो आयुष्यात कधी बोलला नसेल. फळीचं टोक बघितलं की झाडाच्या वर्षांच्या रेषा दिसतात, त्याने सांगितलं. त्या रेषा पाळण्यासारख्या लटकलेल्या दिसतील अशी फळी ठेवायची. मग ती वाळताना मधोमध जरा उचलते, आणि पाणी दोन्ही कडांनी ओघळून जातं. रेषा कमानीसारख्या ठेवल्या तर वाळताना कडा वर येतात आणि फळीची पन्हळ होते. आणि मुळात लाकूड आधी वाळवायचं. थरांमध्ये रिपा, म्हणजे लाकडाच्या पातळ पट्ट्या, घालून, सावलीत, वाऱ्याला. ओलं लाकूड बसवलं की ते जागेवर बसून वाळतं, आणि जागेवर बसून वाळताना कुणाचं ऐकत नाही. हे सांगताना त्याने अंगणातल्या मातीत काडीने रेषा काढून दाखवल्या. सोनाबाईने वाकून बघितल्या.

"मंग तुला म्हाईत व्हतं," ती म्हणाली.

"व्हय."

"आनि तरी बसवल्यास."

"व्हय."

अंगणात एक कोंबडी येऊन त्या रेषांवरून चालून गेली.

"बरं," ती म्हणाली. "आता सरळ कर."

दुसऱ्या दिवशी धर्माजीने पहार घेतली आणि धक्क्याच्या फळ्या उपटायला सुरुवात केली. कुणाला विचारलं नाही. पावसाळा तोंडावर होता, लाँच बंद झाली होती, त्यामुळे अडवायला कुणी आलं नाही. शिवदास शेट मात्र आले. "अरे, हे काय? मोडतोस काय?"

"सरळ करतो."

"फळी सरळ होते?"

"काही व्हतात."

त्याची पद्धत अशी. वाकलेली फळी पोकळ बाजूने ओल्या गवतावर पालथी घालायची. फुगीर पाठ उन्हाकडे. खालची बाजू ओल पिते आणि फुगते, वरची वाळते आणि आकसते, आणि फळी आपसूक सरळ व्हायला लागते. सरळ झाली की लगेच उचलायची, नाहीतर ती दुसरीकडे वाकते. उचलून सपाट जागी रचायची, मध्ये रिपा, वर दगड. यासाठी ऊन हवं, आणि मृगाला आठ दिवस राहिले होते. आठ दिवसांत एकशे बारापैकी एकसष्ट फळ्या सरळ झाल्या. बाकीच्यांपैकी काही त्याने उभ्या चिरून अरुंद केल्या, कारण अरुंद फळीला वाकायला जागाच कमी असते. तेवीस फळ्या पिळवटलेल्या होत्या. त्या लोकांनी चुलीसाठी नेल्या. त्यांच्या जागी त्याने नव्या फळ्या आणल्या आणि त्याही रचल्या, पण त्या बसवल्या पुढच्या वर्षी; तोवर धक्का तेवढा आखूड राहिला.

रचलेल्या फळ्या ठेवायच्या कुठे, हा प्रश्न सोनाबाईने सोडवला. तिचा मासे सुकवायचा मांडव रिकामाच होता. वर छप्पर, चारी बाजूंनी वारा, जमिनीपासून हातभर उंच. फळ्या त्यात गेल्या. पावसाळाभर दर आठवड्याला त्या खालीवर कराव्या लागत. धर्माजी यायचा, सोनाबाई काठी टेकत उभी राहायची आणि कुठली फळी कितव्यांदा वर आली ते सांगायची. तिला लिहिता येत नव्हतं. फळ्यांवर धर्माजीने खुणा कोरल्या होत्या, आणि पाऊस संपेपर्यंत तिला एकशे बारा खुणा पाठ झाल्या.

दसऱ्याला धक्का पुन्हा उभा राहिला. या वेळी खिळ्यांऐवजी इस्क्रू, म्हणजे दरवर्षी फळ्या काढता येतील. रेषा सगळ्या पाळण्याच्या. आणि दोन फळ्यांमध्ये करंगळीच्या निम्म्याने फट, ओल धरून लाकूड फुगलं तर त्याला जागा असावी म्हणून. त्या फटीबद्दल समितीकडे तक्रारी आल्या. एका मास्तरांची चावी खाडीत गेली. एका बाईची नथ गेली. धर्माजीला बोलावून विचारण्यात आलं.

"फट बुजवता येणार नाय," तो म्हणाला.

"आणि नथ?"

"ती नाकात ठेवायची."

हे त्याने विनोद म्हणून सांगितलं नव्हतं.

फळीची टोकं सर्वांत आधी पाणी पितात, म्हणून तो ती मुशीच्या, म्हणजे लहान शार्कच्या, तेलात बुडवून घ्यायचा. वरूनही तेलाचा हात फिरवायचा. मुशीच्या तेलाचा वास ज्याने घेतलाय त्याला सांगायला नको. पहिल्या वर्षी लाँचमधून उतरणारी माणसं नाक धरून धक्का ओलांडत. गावातली झाडून सगळी मांजरं धक्क्यावर येऊन बसली आणि फळ्या चाटू लागली. चार दिवस लाँचला दोरी बांधायच्या खुंटापर्यंत जायचं तर मांजरं बाजूला करत जावं लागे. धर्माजीने तेलावर वाळू भुरभुरली. मांजरं गेली. वास राहिला. पण पाणी फळीवर थेंबाथेंबाने उभं राहू लागलं, आत शिरेना.

गावाकडच्या टोकाला धर्माजीने एक बाकडं करून ठेवलं. सोनाबाई तिथे बसून उतारूंना सुकट आणि बोंबील विकू लागली. ती बसायची आणि कान द्यायची. माणूस चालत गेला की कोरडी फळी कशी वाजते आणि ओल धरलेली कशी वाजते, ते तिला कळायला लागलं होतं. संशय आला की उठून जायची आणि काठीने ठोकून बघायची.

"धर्माजीदादा! चौऱ्याऐंशी!"

आणि धर्माजी हातातलं काम टाकून यायचा.

धक्क्याखालीही तिचं लक्ष असे. लोक किनाऱ्याच्या बाजूने फळ्यांखाली तुटकी जाळी, शिंपल्या, नारळाच्या झावळ्या कोंबून ठेवत. खालून वारा खेळला नाही की फळी खालून ओली आणि वरून कोरडी राहते, मग ती वाकणारच. सोनाबाई ज्याची झावळी त्याच्या दारात नेऊन टाकायची. काही घरांशी तिचं यावरून वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. तिला त्याचं दुःख झालेलं दिसलं नाही.

गावात जे बोललं जायचं ते बोललं गेलं. विधवा बाई, परक्या जातीचा सुतार, रोजचं येणंजाणं. कुणीतरी जनीच्या कानावर घातलं.

"ऐकलंय मी ते दोघं काय बोलतात," जनी म्हणाली. "आकडे बोलतात."

अशी सात-आठ वर्षं गेली. १९५७ मध्ये शिवदास शेट मुंबईला जाऊन आले आणि तिथून एक कल्पना घेऊन आले. डांबर. दरवर्षी फळ्या काढा, रचा, पुन्हा बसवा, हा सगळा खटाटोप कशाला? एकदा वरून डांबराचा जाड थर दिला की पाणी शिरणार नाही, फटी बुजतील, नथा वाचतील. समितीची सभा भरली. धर्माजी नेहमी अशा सभांना ओसरीच्या कडेला बसायचा आणि सभा संपली की उठायचा. या वेळी सोनाबाईही आली होती आणि काठीवर हनुवटी टेकून बसली होती.

"धर्माजी, उद्यापासून लाग," शेट म्हणाले.

"नाय," धर्माजी म्हणाला.

शेटना वाटलं त्यांनी नीट ऐकलं नाही. "काय म्हणालास?"

"नाय. डांबर फक्त वर लागनार. खालून खाडीची वाफ लाकडात शिरनार आनि वरून बाहेर पडायला वाट नाय. फळी आतून कुजंल. मी नाय लावत." त्याने दोन्ही हात मांडीखाली घेतले. "मागं एकदा मी गप बसलो व्हतो."

कुणी सोनाबाईकडे बघितलं नाही. म्हणजे सगळ्यांना आठवलं होतं.

शेट हट्टी होते पण व्यवहारी होते. त्यांनी निकाल दिला: लाँचकडचा अर्धा धक्का डांबरी, गावाकडचा अर्धा धर्माजीच्या पद्धतीचा. बाहेरगावचा माणूस आणून डांबर लावून घेतलं. पौषात ते फार सुंदर दिसलं. काळं, गुळगुळीत, चकाकणारं. वैशाखात ते वितळलं. उतारू लाँचमधून उतरत, दहा पावलं चालत आणि पुढचं पाऊल अनवाणी टाकत. चपला मागे राहत. एका दुपारी सात चपला धक्क्यावर उभ्या होत्या, सगळ्या गावाकडे तोंड करून. त्यांतली एक शेटची होती. सोनाबाईने बाकड्यावरून ती ओळखली आणि धर्माजीला निरोप पाठवला. धर्माजीने पटाशीने ती सोडवली, रॉकेलने पुसली आणि दुकानात नेऊन दिली.

पाऊस सरल्यावर डांबराखालच्या फळ्या काढल्या तेव्हा खालची बाजू बोटाने उकरता येत होती.

"तू सांगितलं होतंस," शेट म्हणाले.

"व्हय."

"आता काय करायचं?"

"लाकूड आनायचं. आनि थांबायचं."

या वेळी शेट थांबले. पुरे सात महिने. तेवढे दिवस लाँच अर्ध्या धक्क्याशी लागायची, भरती असेल तेव्हाच, आणि लाँचवाला शिव्या द्यायचा. शेट त्या ऐकून घ्यायचे. आयुष्यात त्यांनी गावासाठी बरंच काही केलं असेल, पण मला विचाराल तर हे सर्वांत मोठं.

१९६३ मध्ये सरकारने खाडीच्या पलीकडच्या अंगाला दगड-सिमेंटचा धक्का बांधला. लाँच तिकडे गेली. लाकडी धक्क्यावर कुणी येईना. तरी त्या वर्षी ज्येष्ठात धर्माजीने फळ्या काढल्या, मांडवात रचल्या आणि दसऱ्याला पुन्हा बसवल्या. सोनाबाईही बाकड्यावर येऊन बसली. दिवसभरात एक कुत्रं धक्क्यावरून जाऊन आलं.

"दादा," ती म्हणाली, "आता हितं कोन चालत न्हाय."

"व्हय."

"मंग?"

उत्तर सदाकडे होतं. सदा त्या सुमारास इंजिनची नवी बोट बांधत होता आणि तिच्या डेकवर अंथरायला मुरलेलं लाकूड शोधत होता. ऐनाच्या फळ्या, काही तर पंधरा पावसाळे बघितलेल्या, ज्यांना आता वाकायचं कारणच उरलेलं नाही, अशा त्याला दुसरीकडे कुठे मिळणार? शिवदास शेटनी समितीची शेवटची सभा घेतली आणि फळ्या सोनाबाईच्या नावे केल्या. सभेला तेच एकटे होते, त्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला.

बोटीचं काम धर्माजीने केलं. साठी उलटली होती. फळ्या या वेळी फट न ठेवता बसवायच्या होत्या, सांध्यांत कापूस आणि राळ ठोकून, म्हणून त्याने दोन महिने घेतले. काम संपलं तेव्हा सोनाबाई म्हणाली की पहिल्या फेरीला ती मुंबईला जाणार, आणि दादानेही यायचं. धर्माजी जन्मभर किनाऱ्यावर राहिला होता, पण समुद्रात कधी गेला नव्हता. लाकूड पाण्यावर असावं, माणूस नको, असं त्याचं मत होतं. जनीने त्याच्या धोतराची घडी पिशवीत घातली आणि पिशवी बोटीत नेऊन ठेवली.

सकाळी निघाले. काशीदचा किनारा उजवीकडे मागे पडला. बाहेर लाटा होत्या, पाणी नाळेवरून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरून, आत यायचं आणि फळ्यांवरून धावत बाजूच्या भोकांतून निघून जायचं. धर्माजी डोलकाठीला धरून बसला होता आणि डोळे पाण्यावर होते, समुद्राच्या नव्हे, फळ्यांवरच्या. कुठे थांबतंय का, ते बघत होता. थांबत नव्हतं.

सोनाबाई त्याच्या समोर पाय पसरून बसली होती. एक लांब, एक आखूड.

"दादा, येक सांगू? त्या दिवशी माझं बी चुकलं. भोंगा झाला नि मी धावले. खाली बघितलं न्हाय."

धर्माजीने यावर विचार केला. चौल मागे पडेपर्यंत केला.

"धक्क्यावर खाली बघून चालावं लागत आसंल," तो म्हणाला, "तर तो धक्का नव्हं."

सोनाबाईने मान हलवली. मग तिला जोरात हसू आलं, एवढ्या उत्तराला चौलपर्यंत वेळ लागला म्हणून. सदाला सुकाणूवरून बोलणं ऐकू आलं नव्हतं. ती का हसते ते धर्माजीला कळलं नाही. तोही हसला. त्याला हसताना सदाने पहिल्यांदाच बघितलं, आणि वाटलं म्हाताऱ्याला बोट लागली असावी. त्याने लिंबू पुढे केलं.

मुंबईला पोचेपर्यंत दुपार झाली होती. सोनाबाईने बाजारात बसून दिवस मावळायच्या आत सगळे बोंबील विकले. मधल्या वेळात धर्माजी एकटाच तिथल्या धक्क्याच्या पायऱ्या बघून आला. दगडाच्या होत्या. संध्याकाळी तिघांनी चहापाव खाल्ला, आणि धर्माजीने जनीसाठी दोन पाव रुमालात बांधून घेतले.